रेस सोडली की गप्प होणारा आवाज

डिफरन्शियलचं काम करून गाडी गॅरेजमधून परत आली की मालकाचे कान चार दिवस नको इतके तिखट होतात. बिलाची घडी खिशात असते. खडकवासला धरणाजवळच्या चौपाटीची गर्दी मागे पडते, रस्ता जरा मोकळा होतो, काटा पन्नासच्या पुढे सरकतो आणि मागच्या सीटखालून बारीक ‘गुंई’ सुरू होते. काम करायच्या आधी हा आवाज नव्हता. निदान ऐकल्याचं आठवत नाही. गाडी परत नेली की मिस्त्री म्हणतो, “साहेब, नवीन काम आहे, पाच-सहाशे किलोमीटर चालवा, सेट होईल.” मालक मनात म्हणतो, यानेच काहीतरी बिघडवलं. त्या क्षणी पुरावा दोघांकडेही नसतो.

तो मिळवता येतो, आणि त्यासाठी गाडी खोलावी लागत नाही. फक्त प्रश्न बदलावा लागतो. आवाज कुठून येतोय, हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. डिफरन्शियल ज्यात बसतं ते मागचं हाउसिंग लोखंडाचं, त्यावर पाटे, पाट्यांवर चासी, चासीवर पत्रा. दातांत जन्मलेला आवाज या वाटेने चढतो आणि जो पत्रा त्याला साथ देईल तिथून बाहेर पडतो. डाव्या चाकाचं बेरिंग गेलेलं असताना आवाज उजवीकडून येतोय असं शपथेवर सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. म्हणून विचारायचं ते असं: आवाज बदलतो केव्हा? रेस दिल्यावर, सोडल्यावर, वळणावर, गिअर बदलल्यावर, की रस्ता बदलल्यावर?

आधी एक खातरजमा. स्विफ्ट, वॅगनआरसारख्या पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांत मागे डिफरन्शियल नसतंच. ते पुढे गिअरबॉक्सच्या पोटात असतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, ट्रॅक्स, जुनी इनोव्हा, ईको, टाटा एस, बहुतेक पिकअप आणि टेम्पो यांच्यात मात्र इंजिनाची ताकद लांब प्रोपेलर शाफ्टने मागे येते आणि काटकोनात वळून चाकांकडे जाते. सिंहगड आणि पानशेतच्या बाजूला धावणाऱ्या प्रवासी जीपा, दुधाच्या आणि भाजीच्या गाड्या बहुतेक याच जातीच्या.

हे वळण घेण्याचं काम क्राऊन-पिनियन करतात. पिनियन छोटा, क्राऊन मोठा. क्राऊनबरोबर फिरणाऱ्या पिंजऱ्यात आणखी चार-सहा छोटे गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ती सवलत ते देतात. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी या रचनेचं पेटंट घेतलं होतं. पुढची महत्त्वाची सुधारणा अमेरिकेत झाली. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न ठेवता खाली सरकवला, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट खाली आला आणि गाडी बसकी करता आली. हे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, घसटतही जातात. म्हणून ते शांत चालतात, आणि म्हणूनच तेलाच्या नि मापाच्या बाबतीत फार नखरे करतात.

आता चाचणी. त्यासाठी खडकवासल्याइतकी सोयीची जागा पुणे परिसरात दुसरी नसावी. धरणापासून पाण्याच्या कडेने गोऱ्हे बुद्रुक, डोणजेपर्यंत रस्ता फारसा चढउतार न करता जातो. डोणज्याच्या पुढे गोळेवाडीपासून सिंहगडाचा घाट लागतो, आणि गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच असल्याने चढ चांगला खणखणीत मिळतो. सपाट रस्ता, दमाचा चढ, लांब उतार आणि आवळलेली वळणं, सगळं एका फेरीत. शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर जावं. घाटाच्या नाक्यावर उपद्रव शुल्क भरावं लागेल. तो निदानाचा खर्च समजावा. सोबत कुणाला तरी मागच्या सीटवर बसवून लिहायला सांगावं. चालवणाऱ्याने एका वेळी दोन कामं करू नयेत.

निघण्याआधी गाडी उभी असतानाच न्यूट्रलमध्ये रेस द्यायची. आवाज इथेच येत असेल तर मागच्या डिफरन्शियलचा संबंध संपला; मागचं काही फिरतच नाही. मग सपाट रस्त्यावर ५० चा वेग आधी चौथ्या गिअरमध्ये धरायचा आणि नंतर तोच वेग तिसऱ्यात. इंजिनाचे फेरे बदलले, पण चाकांचे आणि प्रोपेलर शाफ्टचे तेच राहिले. सूर बदलला तर दोषी इंजिन किंवा गिअरबॉक्स. सूर तसाच राहिला तर दोष गिअरबॉक्सच्या मागे. एवढ्या दोन चाचण्यांनी निम्मी भांडणं मिटतात असं मला वाटतं, आणि त्या करायला काहीही लागत नाही.

यानंतरची चाचणी सगळ्यात बोलकी. गिअरच्या प्रत्येक दाताला दोन बाजू असतात. रेस देऊन गाडी ओढली जात असताना एक बाजू दाबली जाते. पाय काढून इंजिन गाडीला मागे खेचू लागलं की दुसरी. या दोहोंच्या मध्ये एक अशी अवस्था असते की पाय अगदी हलका ठेवला तर दात कुठल्याच बाजूला नीट टेकत नाहीत, गाडी फक्त वेग राखते. ‘गुंई’ रेसवर येते आणि पाय काढताच तुटते, किंवा उलट, फक्त पाय काढल्यावर येते, तर संशय दातांच्या जुळणीवर जातो, कारण दाताची एक बाजू नीट बसली नाही तरी दुसरी व्यवस्थित असू शकते. दोन्ही अवस्थांत घरघर येत राहिली आणि वेगाबरोबर वाढली, तर बेरिंगकडे बघावं. यात एक फट आहे: पिनियनवरचा रेटा रेस देताना एका दिशेला आणि सोडताना दुसऱ्या दिशेला जातो, त्यामुळे पिनियनच्या दोन बेरिंगांपैकी एकच खराब असेल तर तेही दातांची नक्कल करू शकतं. फरक आवाजाच्या पोतात असतो. दातांचा आवाज स्वच्छ, एका सुराचा, बेरिंगचा खरखरीत.

तो एक सूर मोजताही येतो. समजा क्राऊनला ४१ दात आहेत, पिनियनला ९, आणि मागच्या चाकाचा घेर २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदात सुमारे ७.६ फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत ४१ दात जुळतात, म्हणजे सेकंदाला ३११ वेळा दातावर दात येतो. ३११ हर्ट्झ म्हणजे पेटीच्या मध्य सप्तकातली काळी दोन. वेग ४० वर आणला की तोच सूर साधारण २०७ हर्ट्झवर उतरायला हवा. मोबाइलवर कंपनसंख्या दाखवणारी फुकट ॲप मिळतात; खिडक्या बंद करून मागच्या सीटवर फोन ठेवला आणि शिखर बरोबर त्या जागी दिसलं, वेगाबरोबर त्याच प्रमाणात सरकलं, तर दात बोलतायत यात शंका उरत नाही. याच हिशेबाने पिनियन आणि प्रोपेलर शाफ्ट ६० च्या वेगाला सेकंदात सुमारे साडेचौतीस फेऱ्या मारतात. तिथे कानापेक्षा छातीला जाणवणारा घुमारा येत असेल तर शाफ्टचा तोल किंवा त्याच्या सांध्यातला क्रॉस तपासावा. आणि सेकंदाला सात-आठ हिसके बसत असतील तर टायर किंवा ड्रम. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथल्या आवाज आणि कंपन मोजणाऱ्या प्रयोगशाळेत हेच गणित महागड्या यंत्रांवर आणि कितीतरी बारकाईने होतं. आपल्या दाताचे आकडे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतात.

टायर हा या प्रकरणातला छुपा गुन्हेगार. गॅरेजमध्ये काम करताना चाकं काढली, आणि बसवताना मागची पुढे किंवा डावी उजवीकडे गेली, असं सहज होतं. एका दिशेने तिरकस झिजलेला टायर उलट फिरू लागला की घोंगावतो, आणि तो आवाज डिफरन्शियलसारखाच वाटतो. ओळख सोपी: रेस दिली, सोडली, काही फरक नाही, पण खडबडीत डांबरावरून गुळगुळीत पट्ट्यावर आलात की आवाज बदलतो. हवा थोडी वाढवून पाहिली तरी बदलतो. दातांना रस्ता कसला आहे याची खबर नसते.

चाकाचं बेरिंग मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवून पकडतात. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा डावं बेरिंग. घाटातली आवळलेली वळणं आणखी एक गोष्ट सांगतात. सरळ रस्त्यावर गप्प असलेली गाडी केवळ वळणावर कटकट किंवा करकर करत असेल, तर पिंजऱ्यातले छोटे गिअर किंवा त्यांचे वॉशर बघावेत. सरळ जाताना ते स्वतःभोवती फिरतच नाहीत. घाटाचा बाकीचा उपयोग उघड आहे. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भार, उतरताना त्याच गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक. दोन्ही कमी वेगात, त्यामुळे वाऱ्याचा आवाज आड येत नाही. उतारावर न्यूट्रल मात्र करायचं नाही. ती चाचणी करायचीच तर पाण्याकाठच्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर.

एवढी वही हाती आली की मग गॅरेजमध्ये नेमकं काय काम झालं ते विचारायचं. बिलावर ‘डिफरन्शियल काम’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ सुरू होतो. कारण सील बदलणं, बेरिंग बदलणं आणि क्राऊन-पिनियन बदलणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींतून निघणारे आवाजही वेगळे.

सगळ्यात निरुपद्रवी दिसणारं काम सर्वात जास्त आवाज देतं, असं माझं मत आहे: पिनियनचं ऑइल सील. तेल गळतंय, शे-दोनशे रुपयांचं सील, तासाभराचं काम. पण सील काढायला पिनियनचा नट सोडावा लागतो, आणि हा नट प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात तो फ्लॅंज नुसता धरून ठेवत नाही. पिनियनच्या दोन निमुळत्या बेरिंगांवर किती दाब असावा ते तोच ठरवतो. बऱ्याच गाड्यांत त्या दोन बेरिंगांच्या मध्ये पातळ नळीसारखी एक बाही असते. नट आवळला की ती चेपते, आणि एकदा चेपली की परत फुगत नाही. मिस्त्रीने एअर गन लावून नट दणकून बसवला की बाही गरजेपेक्षा जास्त चेपते, बेरिंग जाम दाबाखाली फिरतं, तापतं आणि काही आठवड्यांत ओरडू लागतं. नट ढिला राहिला तर पिनियन पुढे-मागे हलतो आणि दातांची जुळणी हलत्या जागेवर राहते. योग्य रीत अशी की सोडण्याआधी नट, पिनियन आणि फ्लॅंजवर खुणा कराव्यात, नटाचे बाहेर आलेले आटे मोजावेत, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजून ठेवावं, आणि बसवताना हळूहळू त्याच जागी यावं. जास्त आवळलं गेलं तर नट मागे घेऊन भागत नाही. नवी बाही टाकावी लागते. फिरवण्याचा जोर मोजायला छोटा टॉर्क पाना किंवा फ्लॅंजला दोरी गुंडाळून ओढायचा स्प्रिंग काटा पुरतो. नव्या बेरिंगला हा जोर जास्त लागतो, चाललेल्या बेरिंगला साधारण निम्मा. “हाताला बरोबर लागतंय” म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात खरोखर तयार असू शकतो, पण बिलाचे पैसे देणाऱ्याने काटा मागायला हरकत नाही.

गळती मुळात का झाली, हेही कुणी विचारत नाही. हाउसिंगवर हवा जाण्यासाठी एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पावसाळ्यात पानशेतच्या बाजूच्या चिखलातून फिरलेल्या गाडीची ती हमखास बुजते. मग तापलेली हवा सीलमधून वाट काढते आणि तेल बरोबर घेऊन येते. ब्रीदर साफ न करता तिसरं सील टाकणारं गॅरेज तुम्हाला चौथ्यांदाही भेटणार.

क्राऊन-पिनियन बदललं असेल तर पहिला प्रश्न: जोडीनेच बदललं ना? कारखान्यात हे दोन गिअर एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि बहुधा दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत ते सेट म्हणूनच मिळतात. एका गाडीतला चांगला क्राऊन नि दुसरीतला चांगला पिनियन एकत्र केला तर दोन चांगल्यांचा एक वाईट होतो.

जोडी बरोबर असली तरी ती बसवण्याची मापं चार: पिनियन किती आत, त्याच्या बेरिंगवर किती दाब, क्राऊन आणि पिनियनच्या दातांत किती मोकळीक, आणि क्राऊनच्या बाजूच्या बेरिंगांवर किती दाब. मोकळीक सर्वसाधारण हलक्या गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते. ती डायल गेजने मोजतात, आणि क्राऊनच्या एकाच ठिकाणी नव्हे तर फिरवून तीन-चार ठिकाणी. कमी-जास्त करायला शिम नावाच्या पातळ चकत्या घालतात-काढतात किंवा बाजूचे नट फिरवतात. बाजूच्या बेरिंगांची लोखंडी टोपणं डावी-उजवी बदलली गेली तरी सगळं बिघडतं, कारण ती हाउसिंगबरोबरच कातलेली असतात.

आणि मग शेवटचा न्यायनिवाडा करतो तो शेंदूर. क्राऊनच्या काही दातांना शेंदूर नाहीतर निळा रंग तेलात कालवून पातळ लावायचा, क्राऊनला थोडा अडसर देत दोन्ही दिशांनी फिरवायचं आणि रंग जिथून पुसला गेला तो ठसा बघायचा. देवळातला जुना शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि वर्कशॉपमधलाही तोच. विषारी असल्याने हात धुवायला विसरू नये. ठसा दाताच्या मधोमध, दोन्ही टोकांपासून दूर हवा. तो शेंड्याकडे गेला तर पिनियन क्राऊनपासून लांब राहिलाय, बुडाकडे गेला तर जास्त आत घुसलाय. क्राऊन फार जवळ आणला असेल तर ठसा दाताच्या आतल्या, अरुंद टोकाकडे सरकतो. लांब नेला असेल तर बाहेरच्या रुंद टोकाकडे. काम चालू असताना या ठशाचा फोटो मिस्त्रीकडे मागावा. ज्याने ठसा घेतला त्याला फोटो पाठवायला अर्धं मिनिट लागतं. ज्याने घेतलाच नाही, तो “आमचा अंदाज चुकत नाही” म्हणेल, आणि तुम्हाला हवं ते उत्तर मिळालेलं असेल.

तेलाकडे दुर्लक्ष करू नये. एकमेकांवर घसटणाऱ्या या दातांना जीएल-५ दर्जाचं, गंधक-फॉस्फरसयुक्त गिअर ऑइल लागतं. काही गिअरबॉक्सना, त्यातल्या पितळी रिंगांमुळे, जीएल-४ सांगितलेलं असतं. “दोन्हीकडे नव्वद नंबरच” म्हणत एकाच बॅरलमधून दोन्हीकडे ओतणारी गॅरेजं आहेत. नव्वद हा जाडपणाचा आकडा, दर्जाचा नव्हे. डिफरन्शियल खोललं, काम झालं आणि तेल भरायचंच राहिलं, हेही घडतं. म्हणून आवाज आल्याबरोबर पहिलं काम सपाट जागेवर गाडी उभी करून भरणीच्या छिद्रापर्यंत तेल आहे का ते बघणं. तेल काढलं तर ते बोटांत घासून बघावं. करडी, लोण्यासारखी बारीक झीज स्वाभाविक. चमकणारे कण किंवा तुकडे नाहीत. दुधाळ झालेलं तेल म्हणजे आत पाणी गेलंय.

डिफरन्शियलला हात न लावताही काम करताना आवाज निर्माण होऊ शकतो. प्रोपेलर शाफ्ट खूण न करता सोडला आणि उलटा जोडला तर तोल बिघडतो. मागचे पाटे चढवून गाडी उंच केली तर शाफ्टचे कोन बदलतात. ड्रमच्या मागची पत्र्याची ताटली जराशी वाकून घासते. सायलेन्सरचा पाइप चासीला टेकतो आणि इंजिनाचा थरकाप आत आणतो. गिअर जोडी खोलण्याआधी ही फुकटातली कारणं संपवावीत. क्लच सोडताना ‘टक्’ होत असेल तर शाफ्ट हाताने फिरवून बघतात. त्यात जाणवणारी मोकळीक मात्र क्रॉस, स्प्लाइन, छोटे गिअर आणि क्राऊन-पिनियन यांची मिळून असते, तेव्हा तेवढ्यावरून क्राऊनला दोष देऊ नये. फ्लॅंज धरून वर-खाली हलवल्यावर हलला तर मात्र पिनियनचं बेरिंग गेलेलं आहे, यावर चर्चा नको.

“चालवा, सेट होईल” यात तथ्य किती? थोडं आहे. नव्या जोडीचे दात सुरुवातीला तापतात आणि एकमेकांवर बसतात. म्हणून पहिले काही शे किलोमीटर भार कमी ठेवून, मध्ये थांबत चालवावी, नंतर तेल बदलावं. पण चुकीच्या खोलीवर बसवलेला पिनियन चालवून बरोबर जागी जात नाही. पहिल्या दिवशीची गुंई पाचशे किलोमीटरनंतर तेवढीच किंवा मोठी असेल तर तो बसण्याचा आवाज नव्हता. त्यामुळे पहिल्या दिवशीच फोनवर आवाज टिपून ठेवावा, वेग आणि गिअर बोलून. परत नेताना मिस्त्रीला शेजारी बसवून तीच फेरी मारावी. “आवाज येतो” म्हणण्यापेक्षा “चौथ्यात ५५ ला, फक्त रेसवर येतो” म्हटलं की चांगला मिस्त्री लगेच कान टवकारतो. बिलावर कामाचं नाव आणि टाकलेल्या भागांची यादी लिहून घ्यावी, जुने भाग मागून घ्यावेत. गोष्ट अगदीच थराला गेली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे रेकॉर्डिंगपेक्षा कागद जास्त बोलतात.

सगळेच आवाज सारखे घाबरवणारे नसतात. दोन लाख किलोमीटर झालेली जीप पाय काढल्यावर गुणगुणते आणि वर्षभर तेवढीच गुणगुणते, तर तिला तसंच चालू द्यावं. तेल आणि तापमान पाहत राहिलं की पुरे. उलट दर आठवड्याला वाढणारी घरघर, हात न टेकवेल इतकं तापलेलं पिनियनचं तोंड, किंवा खणखणत येणारा अनियमित ठोका ही थांबण्याची लक्षणं आहेत. पिनियनचं बेरिंग मोडून जाम झालं तर मागची चाकं चालत्या गाडीत अडकतात. असं काही गडावर पोहोचल्यावर लक्षात आलं तर गाडी घाटातून चालवत खाली आणू नये. उचलून नेणारं वाहन बोलवावं. तेही नुसतं पुढची चाकं उचलून ओढणार असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्ट मागून सोडून वर बांधायला सांगावं म्हणजे गिअरबॉक्स वाचेल. पण फिरणाऱ्या चाकांबरोबर पिनियन तरीही फिरतो, म्हणून बेरिंगच गेलेलं असेल तेव्हा मागची चाकं जमिनीला न टेकवता पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर चढवणं हाच उपाय.